पाठीवर प्रांताचं नाव

१० मार्च २०२४, रविवार. इथे कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या रेजायनात, सकाळचे सात वाजले होते आणि नागपूरहून बाबांचा फोन आला. "एकतीसवर तीन गेले ना बाप्पा." वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्याचा पहिला दिवस नुकताच संपला होता. मुंबईला २२४ मध्ये बाद करूनही विदर्भाची अशी अवस्था झालेली. थोडा वेळ तेच बोलणं झालं, मग त्यांनी विचारलं, "तू काय करून राहिला आज?" म्हटलं, संध्याकाळी आमच्या इथेही फायनल आहे. ब्रायरची.

ब्रायर म्हणजे कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा. कर्लिंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बर्फाची साधारण ४५ मीटर लांब पट्टी, दोन्ही टोकांना वर्तुळं आखलेली. वीस किलोच्या आसपासचा, वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड एका टोकाकडून सरकवत दुसऱ्या टोकाच्या वर्तुळांच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. संघात चौघे, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक डाव संपतो, इथे त्याला एन्ड म्हणतात. सामन्यात असे दहा एन्ड असतात. बर्फ गुळगुळीत ठेवत नाहीत, त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून पुरळ उठल्यासारखे फुगवटे करतात आणि दगड त्यांच्यावरून चालतो. दगडापुढे दोघे जण जीव तोडून ब्रश घासत धावतात, कारण घासलेल्या बर्फावर दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. टीव्हीवर हे संथ वाटतं. पट्टीच्या कडेला उभं राहून ऐकलं तर तो दगड गुरगुरत येतो, दूरवर मालगाडी जावी तसा, आणि त्यावर स्किपचं, म्हणजे कप्तानाचं, घसा फाटेस्तोवर ओरडणं.

तर अशा या ब्रायरचं एक युग संपत आलं आहे, असं सध्या इथे सगळे म्हणतात. न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सच्या ब्रॅड गुशूने स्किप म्हणून सहा वेळा ब्रायर जिंकली, तेवढी दुसऱ्या कुणीही जिंकलेली नाही. २०२५-२६ चा हंगाम आपला शेवटचा, असं त्याने जाहीर केलं आणि त्याच हंगामाची ब्रायर त्याच्याच गावाला ठरलेली होती. दुसरीकडे ग्रँड स्लॅम, म्हणजे रोख बक्षिसांच्या मोठ्या कर्लिंग स्पर्धांची मालिका, २०२४ मध्ये एका खासगी कंपनीने विकत घेतली आणि फ्रँचायझी लीगची आखणी सुरू केली. या गलबल्यात एक मागणी पुन्हा जोरात येते आहे: ब्रायरमधून प्रांत काढून टाका. देशातले क्रमवारीतले पहिले सोळा-अठरा संघ घ्या, त्यांनाच खेळवा. प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि युकॉनचे संघ येऊन आठ सामने हरतात, त्यात कुणाचा फायदा?

मला ही मागणी चूक वाटते. का, ते सविस्तर सांगायचं आहे, आणि मी इथला नसल्यामुळेच ते सांगू शकतो असं मला वाटतं.

युग याआधीही संपलेली आहेत. १९२७ मध्ये टोरांटोच्या ग्रॅनाइट क्लबात आठ संघ घेऊन ही स्पर्धा सुरू झाली ती मॅक्डॉनल्ड या तंबाखू कंपनीच्या पैशावर. ब्रायर हे त्यांच्याच एका तंबाखूचं नाव. देशाच्या दोन टोकांच्या माणसांनी एका छपराखाली खेळावं म्हणून कंपनी संघांचा प्रवासखर्च उचलायची. पहिला विजेता हॅलिफॅक्सचा मरे मॅकनील. त्याच्या नेहमीच्या साथीदारांना एवढ्या लांब यायला जमेना, तेव्हा त्याने हॅलिफॅक्समधलेच दुसऱ्या संघांचे तीन स्किप गोळा केले आणि गाडीत बसला. तंबाखूवाले १९७९ मध्ये गेले. मग बीअरवाले आले, मग मोबाइलवाले, मग कॉफी-डोनटवाले, आता एक रेस्टॉरंटांची साखळी आहे. तंबाखू गेली याचं मला काडीचंही दुःख नाही. खेळाडूंच्या छातीवरचा जांभळा हृदयाकृती बिल्ला मात्र तेव्हापासूनचा, तो अजून तसाच आहे, आणि तो मिळालेला माणूस आमच्या क्लबात शिरला की लोक खुर्ची सरकवून जागा करून देतात.

खेळही बदलला. बारा एन्डचा सामना १९७७ मध्ये दहाचा झाला. आधी साखळीत जो पहिला तोच विजेता असायचा, १९८० पासून बाद फेरी आली. प्रत्येक वेळी जुनी माणसं हळहळली आणि प्रत्येक वेळी ब्रायर टिकली. कारण यातल्या कुठल्याच बदलाने मूळ गोष्टीला हात लावला नव्हता. गावच्या क्लबात नाव द्यायचं, आसपासच्या क्लबांना हरवायचं, प्रांत जिंकायचा आणि प्रांताचं नाव पाठीवर घालून देशापुढे उभं राहायचं, ही ती गोष्ट. सस्कॅचवानच्या एर्नी रिचर्डसनने १९५९ ते १९६३ या पाच वर्षांत चार वेळा ब्रायर जिंकली, त्यातल्या पहिल्या तीन वेळा आपला भाऊ आणि दोन चुलतभाऊ घेऊन. एका कुटुंबाचा संघ! क्रमवारी लावून, निवड समिती बसवून असा संघ कधी तयार झाला असता का?

मूळ गोष्टीला खरा हात लागला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. २०१५ पासून गतविजेत्याला 'कॅनडा' या नावाने थेट प्रवेश मिळू लागला. त्याच वर्षी दुबळ्या संघांसाठी आधीच एक पात्रता फेरी ठेवली. हजारो किलोमीटर प्रवास करून आलेले संघ ब्रायर खऱ्या अर्थाने सुरू होण्याआधीच हरून घरी परत. ही पद्धत तीन वर्षं चालली आणि ती वाईटच होती. २०१८ मध्ये ती काढली, सगळ्या प्रांतांना आणि उत्तरेच्या प्रदेशांना आत घेतलं, त्यात नूनावुटही पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत आला. पण संघ सोळा झाले म्हणून दोन गट करावे लागले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, ही १९२७ पासूनची रीत २०१७ च्या सेंट जॉन्सच्या ब्रायरबरोबर संपली.

त्याबद्दल मी भांडत नाही. बारा संघांची पूर्ण साखळी म्हणजे ६६ सामने, आताच्या अठरा संघांची म्हणजे १५३. चार पट्ट्या, दिवसाला तीन सत्रं, नऊ-दहा दिवस, यात १५३ बसतच नाहीत. नूनावुटला आत घ्यायचं की सर्वांशी सर्वांची गाठ ठेवायची, असा प्रश्न असेल तर मी नूनावुट घेईन. दक्षिणेकडून तिथे जायला रस्ता नाही, विमानानेच जावं लागतं. तिथली चार माणसं रेजायनात येऊन ऑलिंपिक विजेत्यासमोर दगड सोडतात, हीच तर राष्ट्रीय स्पर्धा.

माझं भांडण आहे ते नावासाठी. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट आली, वाइल्ड कार्ड. प्रांतात हरलेला, पण क्रमवारीत वर असलेला संघ मागच्या दाराने आत. त्या वर्षी ब्रायर इथेच, रेजायनाच्या ब्रँड्ट सेंटरमध्ये होती आणि तो पहिला वाइल्ड कार्ड संघ होता विनिपेगच्या माइक मॅकुएनचा. मी त्याचा एक सामना पाहिला. माणूस उत्तम खेळतो, दगड हातातून सुटताना इतका हळुवार सुटतो की पाण्यात होडी ढकलल्यासारखं वाटतं. पण स्टँडमध्ये लोकांना कळेना की टाळ्या कुणासाठी वाजवायच्या. माझ्या पुढच्या रांगेत मॅनिटोबाचे झेंडे घेतलेलं एक कुटुंब होतं, तेही जरा वेळ हाताची घडी घालून बसलं, कारण मॅनिटोबाचा संघ दुसराच होता. मॅकुएनच्या संघाच्या नावात गावच नव्हतं. प्रवेश कुठल्या वाटेने मिळाला, तेवढंच ते नाव सांगत होतं.

सहा वर्षांनी, मी वर सांगितलेल्या त्या रविवारी, त्याच इमारतीत तोच मॅकुएन फायनलला उतरला. या वेळी अंगात हिरवा शर्ट होता, पाठीवर सस्कॅचवान. संघातले बाकी तिघे सस्कॅचवानचेच, नियमाप्रमाणे बाहेरचा असा तो एकटा. सस्कॅचवानने शेवटची ब्रायर जिंकली ती १९८० मध्ये, रिक फोकच्या संघाने. चव्वेचाळीस वर्षं! स्टँडमधली निम्मी माणसं तेव्हा जन्मालाही आली नव्हती. शेजारच्या प्रांतातून आलेला हा माणूस शेवटचा दगड सोडायला खाली बसला की सगळं छप्पर श्वास धरून बसायचं.

प्रांत काढा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा नेमका हाच असतो: बाहेरचे खेळाडू घेता, मग कसला प्रांत न् कसलं काय? नियम सैल झालेत हे खरं आहे. जन्माने त्या प्रांताचा असलेल्या खेळाडूलाही सवलत मिळते. पण त्या संध्याकाळी मला उलटंच दिसलं. माणूस तोच, खेळ तोच, इमारत तीच. २०१८ मध्ये तो पाहुणा होता आणि २०२४ मध्ये तो आमचा होता. फरक एका नावाने केला. तिघे घरचे आणि एक बाहेरचा, हे प्रमाण माझ्या मते अगदी योग्य आहे. तिघांमुळे संघाला मूळ राहतं, चौथ्यामुळे दार उघडं राहतं.

विदर्भाच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळतो आहे. साठ वर्षं आम्ही हरायलाच जायचो. कॉलेजात असताना सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर रिकाम्या स्टँडमध्ये बसून मी ते पाहिलेलं आहे. मग २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून आम्ही रणजी जिंकली. कप्तान नागपूरचा फैज फजल, अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीने. आणि प्रशिक्षक कोण? मुंबईचे चंद्रकांत पंडित. फलंदाजीचा आधार कोण? मुंबईचाच वसीम जाफर. नागपुरात एकाही माणसाने म्हटलं नाही की हा विजय उसना आहे. आता १९९० मध्ये कुणी ठरवलं असतं की क्रमवारीतल्या वरच्या दहा संघांनीच रणजी खेळावी, तर विदर्भ कुठे असता? इंदूरचा तो दिवस कुणाला दिसला असता? आणि आयपीएल आली म्हणून रणजीत मुंबई-विदर्भ ही नावं काढून तिथेही मालकांची नावं लावा, असं कुणी सुचवलं तर आपण ऐकून घेऊ का? दोन्ही असू देत. पैसा तिथे कमवा, नाव इथे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. खेळाडूंचं गाऱ्हाणं खरं आहे. २००१ मध्ये ग्रँड स्लॅम सुरू झाली तेव्हा केव्हिन मार्टिन, ग्लेन हॉवर्ड, जेफ स्टॉटन अशा मोठ्या स्किपनी ब्रायरवर बहिष्कार घातला होता. तेव्हा ब्रायरमध्ये खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नव्हती आणि अंगावर स्वतःच्या प्रायोजकांचे बिल्ले लावायची परवानगी नव्हती. स्टेडियम भरत होतं, टीव्हीचे हक्क विकले जात होते, आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं होतं ते रजा टाकून, पदरमोड करून खेळत होते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. २००३ पर्यंत तडजोड झाली. पण ती प्रांत मोडून झाली नाही, खेळाडूंना त्यांचा वाटा देऊन झाली. २००५ मध्ये, बहिष्कार संपलेला असताना, एडमंटनच्या ब्रायरला एकूण २,८१,९८५ प्रेक्षक आले. आजही जे कमी पडतं आहे ते पैशाचं, मग पैशाचंच बोला. संघांचा प्रवासखर्च १९२७ मध्ये एक तंबाखू कंपनी करू शकत होती, तर आज छोट्या प्रांतांच्या आणि उत्तरेच्या संघांसाठी ते का अशक्य असावं?

दुसरा मुद्दा जगज्जेतेपदाचा. कॅनडाने पुरुषांचं विश्वविजेतेपद २०१७ मध्ये जिंकलं, गुशूच्याच संघाने. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. स्वीडनचा निक्लास एडिन सात वेळा जगज्जेता झाला, स्कॉटलंडचा ब्रूस माउट दोनदा. त्यांचे संघ राष्ट्रीय केंद्रात बारमाही सराव करतात, आणि आपला ब्रायर विजेता दहा दिवस घरच्यांशीच झुंजून दमून तिकडे जातो, असं टीकाकार म्हणतात. यात तथ्य आहे. पण मग तिकीट वेगळं करा! ऑलिंपिकचा संघ तर आधीपासून वेगळ्या चाचणी स्पर्धेतून निवडला जातोच. जागतिक स्पर्धेलाही हवा तर क्रमवारीतून पाठवा, माझी हरकत नाही. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या तीस-बत्तीस वर्षांत ब्रायर जिंकून कुणालाही कुठलंच तिकीट मिळत नव्हतं. तरी माणसं गायीगुरं शेजाऱ्यावर सोपवून आगगाडीने चार-चार दिवसांचा प्रवास करत होती.

गुशूचंच पाहा. त्याच्या सहा विजेतेपदांपैकी २०१८, २०२३ आणि २०२४ ची त्याने 'कॅनडा' या नावाने जिंकली. २०२२ मध्ये तो लेथब्रिजला 'वाइल्ड कार्ड' म्हणून खेळला. संघातल्या मार्क निकोल्सला कोविड झाला म्हणून फायनलला तिघेच उतरले आणि जादा एन्डमध्ये ९-८ ने जिंकले. खेळ म्हणून यापेक्षा थोर काही मी पाहिलेलं नाही. न्यूफाउंडलंड हे नाव पाठीवर होतं ते फक्त २०१७ आणि २०२० मध्ये.

आता इथल्या कुठल्याही क्लबात जा आणि विचारा, गुशूची ब्रायर कोणती? सगळे २०१७ म्हणतील. तिथे सेंट जॉन्समध्ये १९७२ नंतर पहिल्यांदाच ब्रायर आली होती. न्यूफाउंडलंडने त्याआधी ती एकदाच जिंकलेली, १९७६ मध्ये, जॅक मॅक्डफच्या संघाने, तीही आमच्या रेजायनात. गुशू २००३ पासून येत होता, ऑलिंपिकचं सुवर्ण २००६ मध्येच जिंकून बसला होता. त्या ऑलिंपिक फायनलसाठी प्रांताने शाळा लवकर सोडल्या होत्या. पण ब्रायर हाती लागत नव्हती. दोन फायनल हरला. २०१७ च्या हंगामाच्या सुरुवातीला दुखापतीने बाहेर होता. आणि २०१७ च्या फायनलच्या शेवटच्या एन्डला केव्हिन कूईच्या संघाशी ६-६ अशी बरोबरी, शेवटचा दगड गुशूच्या हातात. दगड कमी जोराने सुटला. ब्रेट गॅलंट आणि जेफ वॉकर यांनी तो पट्टीभर घासत, जवळजवळ ओढतच वर्तुळात नेला. ७-६. मी ते इथे आमच्या क्लबाच्या टीव्हीवर पाहिलं. माझ्या शेजारी सस्कॅचवानचा एक निवृत्त गहू शेतकरी बसला होता, त्याचा न्यूफाउंडलंडशी काहीही संबंध नव्हता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

त्याच माणसाने मला हा खेळ शिकवला. पहिल्याच हिवाळ्यात एकदा घासता घासता माझा ब्रश आमच्या दगडाला निसटता लागला. कुणी पाहिलं नव्हतं. तो पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यालाही दिसलं नसावं. मी हात वर केला, कारण त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की इथे पंच नसतो, लागला की आपणच सांगायचं. दगड बाद झाला, आम्ही हरलो. नंतर जिंकलेल्या संघाने रीतीप्रमाणे आम्हाला कॉफी पाजली आणि एकाच टेबलावर बसून आम्ही तो सामना पुन्हा खेळलो. सस्कॅचवानातल्या लहान गावांमध्ये दोन पट्ट्यांचे असे क्लब आहेत, हिवाळ्याचे पाच महिने गाव तिथेच भेटतं. शेतं मोठी होत गेली, माणसं कमी होत गेली, बरेच क्लब बंद पडत आहेत. त्यांना ब्रायरशी जोडणारी दोरी एकच आहे, ती प्रांताची. क्रमवारीच्या गुणांसाठी हंगामभर विमानाने फिरणं गावातल्या संघाला कधीच परवडणार नाही. ती दोरी कापली की वर उरेल ती चांगली टीव्ही मालिका, आणि खाली कुलूप.

कॅनडाच्या कर्लिंग संघटनेलाही हे कुठेतरी उमगलं असावं. २०२४ मध्ये वाइल्ड कार्ड हे नाव काढून टाकलं. क्रमवारीतून आलेले संघही आता आपापल्या प्रांताच्या नावानेच खेळतात, पुढे स्किपचं आडनाव जोडून. त्या वर्षी अल्बर्टाचे तीन संघ होते, मॅनिटोबाचे दोन, आणि कुणाचा गोंधळ झाला नाही. आणखी एक पाऊल हवं. गतविजेत्याला थेट प्रवेश जरूर द्या, पण 'कॅनडा' हे नाव देशाबाहेर खेळताना वापरू दे. ब्रायरमध्ये तो जिथून आला तिथलं नाव त्याच्या पाठीवर असू दे. २०२४ ची ती फायनल 'कॅनडा' विरुद्ध सस्कॅचवान अशी लागली होती. एका बेटाविरुद्ध गव्हाचा मुलूख, देशाच्या पूर्वेच्या टोकाविरुद्ध मधलं माळरान, असा तो खरा सामना होता, आणि फलकावर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही ५-९ ने हरलो. सामना संपल्यावर हात मिळवून झाले तरी लोक उभेच होते, टाळ्या थांबत नव्हत्या, मॅकुएन कमरेवर हात ठेवून वर स्टँडकडे पाहत राहिला. घरी यायला नऊ वाजले. नागपुरात सोमवारची सकाळ उजाडली होती, म्हणून मी फोन लावला.

"हरलो," म्हटलं.

"कोण?"

"आम्ही. सस्कॅचवान."

बाबा जरा थांबले. "कितीने?"

मी सांगितलं. शेवटचे दोन एन्ड कसे गेले तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, साडेनऊला आपलं सुरू होते. सात गडी आहेत अजून हातात. ठेवतो."